साधी गाडी की काचेची

मोटार घ्यायची हे आमच्या घरात एका संध्याकाळी ठरलं. कुठली घ्यायची यात चैत्र आणि वैशाख गेले.

गाडी छोटी, चार माणसांची, विलायती असावी याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो तिच्या दोन प्रकारांबद्दल. साध्या प्रकाराला वर कापडी टप होता आणि बाजूंना बटणांनी अडकवायचे कापडी पडदे. प्रत्येक पडद्यात तळहाताएवढी सेल्युलॉइडची खिडकी. महागड्या प्रकाराला पत्र्याचं छत, कातडी बैठक, चारी बाजूंना खालीवर होणाऱ्या काचा, आणि मागच्या काचांना आतून गुंडाळीचे पडदे. इंजिन, चाकं, ब्रेक दोन्हींचे सारखेच. दोहोंच्या किमतीतल्या फरकात एक चांगली बैलजोडी आली असती.

मी तेव्हा पुण्याला एका वर्तमानपत्रात नोकरी करत होतो आणि रजेवर घरी आलो होतो. माहितीपत्रक इंग्रजीत असल्यामुळे ते वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावत. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, मध्येमध्ये बोलत. गाडी काकाच चालवणार होते आणि त्यांना साधी हवी होती.

आमचं गाव तापीच्या काठी, सारंगखेड्याच्या बाजूला. घरातल्या बायकांना गोषा होता. आईचं माहेर शहाद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्न झाल्यापासून ती दरवर्षी माहेरी जात असे, पडदे लावलेल्या दमणीतून. पहाटे बैल जुंपले की उन्हं कलताना दमणी तिच्या माहेरच्या दारात उभी राहायची. एवढ्या वर्षांत तिने ती वाट पाहिली नव्हती. चाकाच्या आवाजावरून ती ओळखायची: इथे मुरूम, इथे गोमाई नदीची वाळू, इथे चढ.

तिची नजर दोन वर्षांपासून कमी होत होती. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, आणि पूर्ण जायला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. घरातल्यांनी त्याचा अर्थ पुष्कळ वर्षं लागतील असा घेतला.

मोटारीचं बोलणं निघालं तेव्हा आईने आबांना एक गोष्ट सांगितली. ती काकूंसमोर बोलली, म्हणून घरभर झाली. ती म्हणाली, "काचनी गाडी ल्या. माले एकदाव माहेरनी वाट देखानी शे."

काकांचं म्हणणं सरळ होतं. ते ओसरीवर बसून मोठ्याने म्हणाले, "काच लेवानी, आनि तिले आतून पडदा लावाना. मंग काच कसाले? साध्या गाडीले पडदा फुकटमा शे."

आबा म्हणाले, "पडदा गावमा लावाना. रानमा वर करी देवाना."

"आनि वहिनीले दिखस कितलं? दोन-चार वरीसमा काय..."

काकांनी वाक्य सोडून दिलं. आई दाराच्या आड होती. तिथूनच तिचा आवाज आला, "भाऊजी, तुम्हनी मिशीमा एक पांढरा केस शे, उजवीकडे. तो बी दिखस माले आठेथून."

काकांचा हात मिशीवर गेला. आबा हसले. ते घरात क्वचित हसत. केस खरोखरच होता. काकांनी त्यानंतर नजरेचा विषय काढला नाही.

नंदुरबारला आबांचे एक मित्र होते, मिरचीचे व्यापारी. पिढ्यान्‌पिढ्या त्या शहरात असलेलं त्यांचं मुसलमान घर. त्यांच्याकडे साधी गाडी आधीच होती. त्यांचा सल्ला घ्यायला आम्ही गेलो तेव्हा अंगणात मिरची वाळत घातलेली होती आणि बोलताना सगळ्यांनाच खोकला येत होता.

"आम्हनामा बुरखा बाई घालस," ते म्हणाले, "तुम्हनामा गाडी घालस. गाडीना बुरखा म्हाग पडस, पाटील."

"म्हणीसन तं इचाराले उनू."

"काय इचारतस? साधी ल्या. उरेल पैसामा बैल ल्या. गाडी फसनी तं ओढाले कामले येतीन."

पण तेच आबांना घेऊन सुरतेला गेले. मीही बरोबर होतो. एजंटाच्या शेडमध्ये साधी गाडी तयार उभी होती. रक्कम भरली असती तर त्याच आठवड्यात ती आगगाडीने नंदुरबारला आली असती. महागडी तिथे नव्हती. ती बोटीने मुंबईला येणार, मग सुरतेला. विक्रेत्याने माझ्याकडे पाहून सांगितलं की पावसाळ्यानंतर लगेच.

आबांनी साध्या गाडीचे पडदे लावायला सांगितले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. विक्रेत्याला वाटलं त्यांना झोप लागली. तो त्यांच्या मित्राला म्हणाला, "सेठ ऊंघी गया के शुं?" मित्राने त्याला गप्प राहायची खूण केली. आबा बाहेर आले तेव्हा त्यांनी समोरच्या आंब्याच्या झाडाकडे बोट केलं आणि मला विचारलं, "ते काय शे?"

मी म्हटलं, "आंबा."

"आतून नही दिखत. पिवयं काहीतरी दिखस."

त्यांनी महागड्या गाडीचे आगाऊ पैसे भरले. परतीच्या प्रवासात मित्राने त्यांची पुष्कळ थट्टा केली. आबा खिडकीशी बसून होते.

पावसाळा संपण्याच्या आत लढाई सुरू झाली. बोटी केव्हा सुटतील, सुटल्या तर पोहोचतील का, हे कुणालाच सांगता येईना. मी पुण्याला रोज लढाईच्या तारा मराठीत करत होतो आणि आबांना पत्रांतून कळवत होतो की अजून काही कळत नाही. एजंटाने लिहिलं की साधी गाडी अजून शिल्लक आहे, हवी असल्यास बदलून देऊ. आबांनी आईला विचारलं. ती म्हणाली, "थांबू. मी कठे पयी जास?"

मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला मी घरी होतो. घोड्यांच्या बाजारात आबांना ओळखणारे पुष्कळ. एका सौदागराने त्यांना अडवलं. "पाटील, मोटार समुद्रमा पोहत यी ऱ्हायनी का? तवलोंग हाई घोडी ली ल्या. इले काच बी नही लागत." आजूबाजूचे लोक हसले. आबांनी घोडीचे दात पाहिले आणि पुढे निघाले.

त्या मुक्कामात आईमध्ये मला काही वेगळं दिसलं नाही. ती स्वयंपाक करत होती, दिवे लावत होती, माझ्या ताटात वाढत होती. ती घराबाहेर पडत नसे. त्या घरातली प्रत्येक पायरी आणि प्रत्येक डबा तिच्या हातापायांना ठाऊक होता. बाहेर जावं लागलं असतं तर कदाचित पहिल्याच दिवशी कळलं असतं.

माघात गाडी आली. तिच्यासाठी मी पुन्हा रजा घेऊन आलो होतो. नंदुरबार स्टेशनवर उतरवली, काकांनी तापीपर्यंत चालवत आणली, आणि पात्रातल्या वाळूतून बैलांच्या दोन जोड्यांनी ओढून अलीकडे घेतली. आबांच्या मित्राने त्यावर काय म्हटलं असेल ते सांगायला नको. गाडी काळी होती. अंगणात उभी केल्यावर पुरुष माणसं बाहेर गेली आणि बायका बघायला आल्या. घरचे म्हणून आबा आणि मी थांबलो होतो.

काकूंनी दार उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं. एकीने आरशात कुंकू नीट केलं. आई सर्वांत मागून आली, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून. तिने गाडीच्या पत्र्याला हात लावला, मग दाराला, मग हात वर नेला. थोडा वेळ तो हात तिथेच होता. मग तिने विचारलं, "काच वर शे का खाले?"

काच कशी चालते हे ती विचारते आहे असं मला वाटलं. मी हँडल दाखवायला पुढे झालो. आबांनी माझा दंड धरला. काच वर होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर होती आणि तिच्यात माघातलं ऊन चमकत होतं.

काकू रडायला लागल्या. मग सगळं बाहेर आलं. भाद्रपदापासून आईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. काकूंना तिने शपथ घातली होती. काकांच्या मिशीतला केसदेखील काकूंनीच तिला सांगितलेला होता. चैत्रातही तिला तेवढं दिसत नव्हतं.

आबांनी विचारलं, "सांगं का नही?"

"सांगती तं तुम्ही साधी लेतात."

हे खरं होतं, आणि आबांनी ते नाकारलं नाही. साधी घेतली असती तर ती वैशाखातच आली असती, तिची काही नजर शिल्लक असताना. पण साधीला काच नव्हती. या दोन गोष्टी मी पुष्कळदा शेजारीशेजारी मांडून पाहिल्या आहेत. साध्या गाडीचा पडदा उघड्या रानात चार बटणं काढून बाजूला करता आला असता. दमणीचा तर नुसता हाताने उचलता आला असता. त्या वाटेवर कोसभर माणूस भेटत नसे. हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, आईलासुद्धा. काच नसेल तिथे पडदा उघडायचा नसतो हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की पडद्याच्या ऐवजी काय घ्यावं एवढाच विचार झाला.

दोन दिवसांनी आबांनी माहेरी जायचं ठरवलं. आई नको म्हणाली नाही. काका चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. गाडी छोटी असल्यामुळे आबांना मागे आईच्या जवळ बसावं लागलं. त्या दोघांना मी असं शेजारी बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. आबांनी तिला खिडकीकडे बसवलं आणि पडदा खाली ओढला.

गाव सुटल्यावर त्यांनी तो वर केला. मग आबा म्हणाले, "हाऊ गहू."

आई म्हणाली, "कोणना?"

त्यांनी शेतकऱ्याचं नाव सांगितलं. गहू कसा आहे, पाणी किती पाळ्या दिलेलं आहे ते सांगितलं. पुढे हरभरा आला. तोही कुणाचा ते सांगितलं. आबांना वर्णन करायची सवय नव्हती. तालुक्याला साक्ष द्यावी तसं ते सांगत होते: विहीर, मोट चालू, बैल पांढरे. बाभळी, तीन-चार. आई प्रत्येक गोष्टीला "हां" म्हणत होती. गाव आलं की आबा पडदा खाली ओढत. आत कोण बसलं आहे ते बाहेरून दिसू नये म्हणून. गुंडाळीचा आवाज झाला की ती विचारायची, "गाव उनं का?" आबा हो म्हणायचे आणि गाव मागे पडेपर्यंत गप्प राहायचे.

गोमाई ओलांडल्यावर सातपुडा जवळ आला. आबांनी सांगितलं, "डोंगर दिखी ऱ्हायना."

"कसा शे?"

आबांनी विचार केला. "निया," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वरतून तुटेल."

काका समोर बघून गाडी चालवत होते. आरसा त्यांनी केव्हातरी बाजूला वळवून ठेवला होता.

माहेरी आईला आत नेलं आणि आम्ही ओसरीवर बसलो. मधली भिंत कुडाची होती, आतलं बोलणं ऐकू येत होतं. मामी मोठ्याने विचारत होत्या, "वन्सं, काचनी गाडीमा बठी उन्यात. काय काय देखं, सांगा तं खरं."

आबांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला.

आईने सांगायला सुरुवात केली. गहू कुणाचा, हरभरा कुणाचा, मोट, पांढरे बैल, बाभळी, सगळं आबांच्या क्रमाने, एकही चूक न करता. डोंगर निळा आणि वरून तुटलेला. मग ती म्हणाली की गोमाईच्या अलीकडे दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन उभ्या होत्या. एक पोटुशी होती. गाडी बघून तिने पदर तोंडावर घेतला आणि हसली. लुगडं हिरवं होतं.

मामींनी विचारलं, "कोण व्हती?"

"वयखीनी नही. पन मन्हाकडे देखं तिनी."

काकांनी आबांकडे पाहिलं. वाटेत अशा बाया नव्हत्या. आम्हा तिघांपैकी कुणीही पाहिल्या नव्हत्या.

परतताना उन्हं उतरली होती. गाव सुटताच आबांनी पडदा वर केला आणि ते सांगायला लागले. या खेपेला ते जास्त सांगत होते, शेतांच्या मालकांची नावं सोडून दुसरंही काही. गोमाईचा उतार आला तेव्हा ते सांगायचे थांबले. बाहेर दोन्ही बाजूंना पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "त्या बाया कठे व्हत्यात?"

आई म्हणाली, "आठेच. तुम्हनं ध्यान नव्हतं."

आबा म्हणाले, "ध्यान नशीन."

आणि ते आपल्या बाजूच्या काचेतून बाहेर पाहत राहिले.