काकूंनी दारात ओतलेलं पाणी

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगते, न्हाईतर झोप येणार न्हाई! आज हंडा कलंडला, तापल्या फरशीचा वास आला अन् उदगीरचा तो दुष्काळ आठवला. उदगीर जिल्हा करा म्हणून बॅनरं गावभर, नळाला मात्र थेंब न्हाई. भरदुपारी शेजारच्या ज्यू काकू एकेक घागर दारात ओतून राहिल्या होत्या. आई ओरडली, "अवो काकू, डोकं फिरलं का काय तुमचं? टँकर कधी येईल काय माहीत!" काकू शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ओततात, म्हणजे तोंडाने सांगावं लागत नाही. मृत्यूचा दूत पाण्यात सुरी धुतो म्हणतात. तुमचंही ओता गं, घरात बाळ आहे." त्यांच्या दारातून आत दिसलं, काका खुर्चीतच होते, मान कललेली. आमच्याकडं एकच ड्रम, बाळाच्या दुधालाबी तेच पाणी. आईनं पाळण्याकडं बघितलं अन् ड्रम आडवा केला. मी आमच्या घरात पळाले तर फळीवर एक भरला तांब्या ओतायचा राहिलेला. लाईट न्हाई, वारा न्हाई, तरी त्यातलं पाणी हलून राहिलं होतं, जसं कुणी आत्ताच त्यात काहीतरी धुवून गेलंय. बाळ मोठं झालं, कॉलेजात हाय, पण ते पाणी अजून डोळ्यांसमोर हलतं. तुमच्याकडं कुणी गेलं तेव्हा घरातलं पाणी असं हललं होतं का हो?