साडूंनी जीप उंच केली

गाडी पुढे चालवणारी माणसं पुण्यात पायलीची पन्नास मिळतील. पण नारायण पेठेतली अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये पार करून, एकाही सायकलला, कुत्र्याला किंवा पेन्शनराला धक्का न लावता स्वतःच्या दाराशी येऊन थांबणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवताना ती सरळ बसली की नाही हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यासाठी लागणारी स्पिरिट लेव्हल, म्हणजे हवेचा बुडबुडा असलेली ती छोटी काचेची नळी, इतर लोक पेन ठेवतात तशी ते खिशात ठेवत. कोणाकडेही गेले की आधी टेबलावर ती नळी ठेवायची आणि मग खुर्चीत बसायचं. आमच्या नव्या फ्लॅटच्या पूजेला त्यांनी ती चौरंगावर ठेवली आणि गुरुजींना म्हणाले, "सत्यनारायण पूर्वेला किंचित कललाय. आपण चालू द्या." गुरुजींनी चालू दिलं, पण पुढची सगळी कथा ते चौरंगाकडे बघतच सांगत होते. पुढे कारखान्यात स्वतःची पातळी स्वतः सांभाळणारी परदेशी यंत्रं आली आणि साडूंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा नेमकी कोणाची होती हे आम्ही कधी विचारलं नाही. बरोबरीच्या मंडळींनी कोथरूडला फ्लॅट घेतले. साडूंनी एक जुनी, बिनदाराची जीप घेतली.

ती घेतली ताईंसाठी, म्हणजे माझ्या मेव्हणीसाठी. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याला जायचं, धरणाचं पाणी बघत कणीस खायचं, एवढीच ताईंची चैन. दोन-तीन वर्षं ती चालली आणि मग ताईंचे गुडघे गेले. साडूंचं घर तळमजल्यावर असलं तरी ओटा चांगला उंच. पुरानंतर बांधलेलं घर. पाणी पुन्हा आलं तर ओट्याखालून जावं, असा त्यांच्या वडिलांचा हिशेब होता. पाणी पुन्हा आलं नाही, पायऱ्या मात्र राहिल्या. ताईंना त्या उतरवेनात. त्यांचं बाहेरचं जग ओट्यावर येऊन थांबलं. साडूंनी मंडईतून आणलेली भाजी निवडत त्या तिथे खुर्चीवर बसत आणि भाजीची निंदा करत. खाली जीप धूळ खात असे.

अशात त्यांची मुलगी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि घरात इंटरनेट आलं. साडूंनी त्यावर काय बघावं, तर अमेरिकेतले उंच केलेले ट्रक. चिखलातून, दगडधोंड्यांतून जाण्यासाठी तिकडचे लोक गाडीच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बदलतात आणि मोठे टायर घालतात. एका रविवारी जेवताना साडूंनी जाहीर केलं, "आपण जीप उंच करतोय." माझी बायको भडकली. "ताईला चार पायऱ्या उतरवत नाहीत, आणि तुम्ही जीप शिडी लावून चढायची करताय?" साडूंनी तिला ताक वाढलं.

नाना पेठेतल्या गॅरेजमध्ये मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. उस्तादांनी विचारलं, किती वर घ्यायची? साडूंनी खिशातून गाठ मारलेली सुतळी काढली, गाठ जीपच्या पाय ठेवायच्या पत्र्याशी धरली आणि खालच्या टोकाकडे बोट दाखवलं. ते टोक जमिनीवर लोळत होतं. "सुतळी सरळ होईपर्यंत."

"साहेब, कुठल्या डोंगरावर जायचंय?"

"नारायण पेठेत."

उस्तादांनी पाना उचलला. त्यांनी कमानींना जादा पाटे घातले, लांब शॉकअप बसवले, सुतळी सरळ झाली. मग ते म्हणाले, एवढ्या उंच गाडीला हे टायर बारके पडतील, वळणावर गाडी कलेल. कलेल हा शब्द साडूंना सहन होत नाही. त्यांनी तिथल्या तिथे थोराड टायर घालून घेतले आणि टायर मोठा झाला की गाडीही उंच होते, एवढं एकच गणित जन्मभर पातळी बघितलेला हा माणूस विसरला. घरी येऊन त्यांनी जीप ओट्याला लावली आणि ओट्याच्या मापाची ती सुतळी पुन्हा धरली. जीप ओट्यापेक्षा चार बोटं वर गेली होती.

पुढच्या रविवारी नातेवाइकांना बटाटेवड्यांचं आमंत्रण आलं. माणसं वजनावर निवडली होती हे तिथे गेल्यावर कळलं. वडे जीपमध्ये बसूनच खायचे होते. नवे पाटे वजनाने बसतात, असं साडूंचं म्हणणं. असे बरेच रविवार आम्ही त्या उभ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून वडे खाल्ले. येणारे जाणारे विचारत, ट्रिप कुठे? साडू सांगत, कुठे नाही. मला म्हणत, "आपण जरा डावीकडे सरका."

शेवटी एका रविवारी त्यांनी आम्हाला उतरवलं, जीप गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, वळवून घेतली आणि पाठीमागे डोळे लावून रिव्हर्समध्ये परत आणली. ओटा गल्लीत शिरताना उजव्या हाताला आणि ताईंची सीट डावीकडे, म्हणून उलटं येणं भाग होतं. ओट्यावरून जीपच्या पत्र्यावर फळी टाकली, तिच्यावर नळी ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

"अगं, ये," ते म्हणाले.

ताई उठल्या, घरातल्या घरात चालावं तशा चालत जीपमध्ये गेल्या आणि सीटवर बसल्या. पाय कुठे उचलावाच लागला नाही. माझी बायको डोळे पुसत होती. ताईंनी पदर सावरला. "मंडईवरून घ्या. त्या भाजीवाल्याला मला दोन शब्द सांगायचेत."

खडकवासल्याला ओटा नसल्यामुळे त्या जीपमधून उतरत नसत. पण त्या उंचीवरून गर्दीच्या आणि कणीसवाल्यांच्या डोक्यावरून थेट पाणी दिसे. पुढे मुलीच्या कंपनीच्या विम्यावर गुडघे बदलून झाले आणि ताई काठी न घेता मंडईत जाऊ लागल्या. मी त्यांना म्हटलं, आता जीप खाली घ्यायला हरकत नाही. त्यांनी आत साडू ऐकत नाहीत ना हे बघितलं. "मंडईला जाताना दुखत नाहीत. रविवारी दुखतात, असं मी यांना सांगितलंय."

आता साडूंना नीट दिसत नाही आणि जीपची किल्ली मुलीने काढून घेतली आहे. जीप ओट्यालाच उभी असते. रविवारी संध्याकाळी दोघं तिच्यात बसून कणीस खातात. परवा गेलो, तर साडू पायपंपाने टायरमध्ये हवा भरत होते. फळी टाकलेली, तिच्यावर नळी. दोन पाय मारायचे, मग वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन बुडबुडा बघायचा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अहो, जीपला आता कुठे जायचंय?

"जीपला नाही जायचं," ते म्हणाले. "हिला यायचंय."

मी पंप हातात घेतला आणि ते सांगतील तिथपर्यंत हवा भरली.