चुलीपाशी झालेली तपासणी

एकाहत्तरची लढाई संपून दीडेक वर्ष झालं होतं. मी फौजेच्या मेडिकलमध्ये लान्स नाईक, नर्सिंग असिस्टंट. माजी सैनिक आणि शहिदांच्या घरच्यांना तपासायला आमची टीम सातारा-सांगलीकडं निघाली. कॅप्टन डॉक्टर पंजाबचे, लेफ्टनंट सिस्टर केरळच्या, एक ड्रायव्हर आणि मी. मी कराडकडचा, बोली येते, म्हणून माझी वर्णी लागली.

काम ठरलेलं. सकाळी शाळेत टेबल लावायचं. वजन, नाडी, बीपी, छाती, पोट. पुरुषांचं झटपट व्हायचं. 'शर्ट उतारो' म्हटलं की म्हातारे सुभेदारसुद्धा छाती काढून उभे. बायकांचं तसं नाही. विचारायचं सुनेला, उत्तर द्यायची सासू. सून पदर ओढून जमिनीकडं बघत बसायची. हात लावायचं तर नावच काढू नका.

कडेगावच्या बाजूला एका गावात एका शहिदाची बायको आली. वय बावीस-तेवीस. पोट धरून, वाकून चालत होती. सोबत सासरा, रिटायर्ड हवालदार. गाव त्यांना आबा म्हणायचं. कॅप्टनसाहेबांनी नाडी बघितली आणि भरल्या वर्गात विचारलं, "आख़िरी महीना कब आया था?"

आबांची उमर फौजेत गेलेली. हिंदी त्यांना पुरतं कळत होतं. ते ताडकन उठले.

"साहेब, माझ्या पोराच्या माघारी कुकू पुसून बसलीया ती. तिला ह्ये इचारताय? चल गं."

गेले दोघं. साहेब म्हणाले, "ग़लत क्या पूछा मैंने?"

"सवाल ठीक था, सर," सिस्टर म्हणाल्या. "जगह ग़लत थी. मैं उनके घर जाती हूँ."

वाटेत त्यांनी मला थांबवलं. "तुम अंदर नहीं आओगे. मुझे बोलना सिखाओ." एका ऑफिसर बाईला मी ते शब्द शिकवले, मान खाली घालून. पाळी कवा चुकली? खांदा दुकतोय का? (पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, असं त्या म्हणाल्या.) मी कुनालाबी सांगनार न्हाई. पुस्तकी मराठी मुद्दाम शिकवली नाही. सिस्टर चालता चालता घोकत होत्या.

दारात त्यांनी बूट काढले. आबांकडं प्यायला पाणी मागितलं. घरी आलेल्या बाईला पाणी नाही कोण म्हणणार? आत जाऊन त्यांनी सासूला मागच्या अंगणात पाणी तापवायला धाडलं आणि दार लोटलं. चुलीवर हात शेकले, मग पोटाला लावले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पोट फळीसारखं कडक. पापणीच्या आत रक्ताचा थेंब नाही. पाळीचं विचारलं. तिनं दोन बोटं वर केली. दोन महिने.

मी ओट्यावर आबांशेजारी.

"कुठला रं तू?"

"कराडकडचा, आबा."

"मग तुला तरी कळाय पायजे हुतं."

सिस्टर बाहेर आल्या. "व्हेइकल लाओ. अभी." मग आबांना, "पेट में ख़ून है. सांगली. ऑपरेशन. नहीं तो मर जाएगी."

"कशानं?" आबांनी विचारलं.

सिस्टर परत आत वळल्या. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती. कुणाचा, हे कुणी विचारलं नाही, आणि मला आजही जाणून घ्यायचं नाही.

गाडी दारात लागली तरी आबा चौकट धरून उभे. "गावाला काय सांगू?" एवढंच म्हणत होते. माझं डोकं फिरलं.

"आवं आबा, ती मरतीया. सरका."

ते हलले नाहीत. सासू मागून तापलेलं पाणी घेऊन आली. तिनं हंडा खाली ठेवला आणि नवऱ्याचा हात चौकटीवरून काढला. "पोरगा गेला तवा मला कुनी इचारलं न्हाई. हिला न्हाई जाऊ द्यायची मी." तिनंच सुनेला काखेत धरून उठवलं.

गाडीत मी सलाइनची बाटली धरून उभा. सिस्टरांचं बोट नाडीवर. सांगलीत हळदीच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या घालत होता. एकदा तिनं डोळे उघडले आणि सिस्टरांचा हात दाबला. हॉस्पिटलचं फाटक दिसत असतानाच नाडी थांबली. सिस्टरांनी तिच्या डोक्यावर पदर नीट ओढला आणि मग रडल्या. मीही रडलो. लढाईत मी कितीतरी मेलेले उचलले, तेव्हा नव्हतो रडलो.

आबा मागून एस.टी.नं आले. व्हरांड्यात सिस्टरांना म्हणाले, "कशानं गेली?"

"रक्त गेलं, आबा." सिस्टरांनी मराठीत तेवढंच सांगितलं.

आबा पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "तिनं मला सांगितलं असतं तर मी गाडीत घातली असती का रं?"

"घातली असती," मी म्हणालो.

"न्हाई," आबा म्हणाले.

आज त्या घरातलं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहिलं. आमच्या भागात माजी सैनिकांचा मेळावा भरतो. शहिदांची नावं वाचतात, आम्ही म्हातारे सावधान उभे राहतो. तिच्या नवऱ्याचं नाव आलं की मी मनात तिचंही घेतो. इथं ते लिहीत नाही. कुनालाबी सांगनार न्हाई, हा शब्द तिला सिस्टरांनी दिला, पण तो माझ्या बोलीत दिला होता.