रफूबाईंची उजेडाची जागा

माझ्या मावशीला सगळं शहर रफूबाई म्हणतं. खरं नाव तिच्या परवान्यावर होतं. परवाना पालिकेने काढून घेतला, तेव्हा आता रफूबाई हेच बरं.

काका गेल्यावर तिने सुई हातात घेतली आणि बसायला जागा शोधत शहरभर फिरली. शेवटी वाचनालयाच्या भिंतीपाशी, पालिकेच्या इमारतीच्या बरोबर समोर, फुटपाथवर तिने स्टूल टाकलं. लोकांना वाटलं, वर्दळीची जागा बघून बसली. तिने वर्दळ बघितलीच नव्हती. त्या भिंतीपाशी दिवसभर ऊन अंगावर येत नाही, आणि उजेड मात्र सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकसारखा असतो. रफू करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

तिचं सामान म्हणजे एक स्टूल, एक पत्र्याचा डबा आणि एक जळून गेलेला बल्ब. भोक पडलेला कपडा ती बल्बवर ताणायची, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायची आणि एक वरून, एक खालून असे विणत जायची. दुमडीत धागा निघालाच नाही तर डब्यातला घ्यायची, पण तो कपड्यावर धरून, मान तिरकी करून इतका वेळ बघायची की गिऱ्हाईक कंटाळून चहा पिऊन यायचं. काम झाल्यावर गिऱ्हाइकाने कपडा उलटापालटा करून विचारावं, "कुठे होतं हो भोक?" मावशी म्हणायची, "मीच विसरले." हे तिचं ठरलेलं उत्तर होतं आणि ते देताना ती लाजायची.

मी इथल्या साप्ताहिकात पालिकेच्या बातम्या लिहितो. सभागृहात पत्रकारांचा बाक खांबाच्या मागे आहे, तिथून निम्मे नगरसेवक दिसत नाहीत, पण ऐकू सगळे येतात. मावशी मला पेपरवाल्या म्हणते. "काय पेपरवाल्या, आज काय मंजूर केलं तुझ्या लोकांनी?" असं ती सभेनंतर विचारायची, जणू ते मी निवडून आणलेले होते.

तर त्या लोकांनी नवीन बाजार इमारत मंजूर केली. वर मोठी दुकानं, खाली तळघरात किरकोळ कारागिरांसाठी गाळे. नकाशात तळघराच्या छताला जाड काचा दाखवल्या होत्या, म्हणजे रस्त्यावरचा उजेड थेट खाली यावा. नकाशा चांगला होता, मी तसं छापलंही होतं. पुढे काम अर्ध्यावर आलं, ठेकेदाराने दर वाढवून मागितले, निधी कमी पडला, आणि एका सभेत काचांची तरतूद दर्शनी कमानीकडे वळवण्यात आली. "सभागृहाची मंजुरी आहे?" "आहे, आहे." एवढ्यात छताचा उजेड गेला. कमान मात्र झाली. तिच्याखालचं फाटक कायम कुलूपबंद असतं आणि लोक बाजूच्या बोळातून आत जातात. कमान कशासाठी, तर उद्घाटनाच्या फोटोसाठी. मला अजून ती कमान दिसली की तोंड फिरवावंसं वाटतं.

तळघरातले गाळे कोणी घेईना. मग पालिकेने साधा उपाय काढला, फुटपाथवरच्या परवान्यांचं नूतनीकरणच बंद केलं. मावशी परवाना विभागात गेली तेव्हा मी सोबत होतो. तिथले साहेब हसतमुख माणूस.

"मावशी, तुम्हाला तर बढती मिळाली! फुटपाथवरून थेट गाळ्यात!"

"साहेब, तिथे उजेड नाही."

"ट्यूबलाइट आहे की."

"ट्यूबखाली मला काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो."

"मग दिवे वाढवून मिळावेत असा अर्ज करा. मात्र त्याला पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद लागेल, आत्ता काही होणार नाही."

"आणि माझी जागा?"

"ती वाहनतळाला गेली, सशुल्क. ठेका निघालाय."

ठेका निघाला होता आणि तो नगराध्यक्षांच्या साडूला मिळालाही होता. बाकीच्या निविदांवर म्हणे सह्या राहिल्या होत्या. आठवड्याभरात मावशीच्या जागेवर पांढरे पट्टे मारले गेले आणि टोपी घातलेला एक पावतीवाला तिथे उभा राहिला.

मावशी तळघरात गेली. गाळा स्वच्छ होता, कुलूप नवं होतं, पंखासुद्धा होता. फक्त दिसत नव्हतं. उजळ रंगाचे कपडे ती तिथे बसून करायची. गडद कपडा आला की कपडा आणि धागा हातात घेऊन जिना चढायची, रस्त्यावर जाऊन दोन्ही एकमेकांवर धरून बघायची आणि परत उतरायची. वर पहारेकरी ओरडायचा, "आजी, दारात उभ्या राहू नका!" एका कपड्याला तीन-तीनदा चढउतार. तिचे गुडघे सुजले. मी म्हटलं, गडद काम घेऊच नकोस. म्हणाली, "लोक काय फक्त पांढरे कपडे घालतात?"

अशातच नगराध्यक्षांचा शिपाई एक कोट घेऊन आला. गडद निळा, भारी कापडाचा. उंदराने बाहीला कोपराजवळ कुरतडला होता. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रकाची सभा, साहेबांना हाच कोट घालायचा होता. मावशीने दुमड उसवून बघितली तर शिंप्याने कापड वाचवलेलं, ओढायला धागाच नाही. मग डबा उघडला. त्या दिवशी गुडघा वाकत नव्हता. एकदा नाही चढला जिना तर काय बिघडतंय, असं तिला वाटलं, आणि ट्यूबच्या उजेडात तिने धागा निवडला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात नगराध्यक्ष अंदाजपत्रक वाचायला खिडकीशी उभे राहिले. नेमके ते खांबाच्या अलीकडे, मला दिसतील असे. "पारदर्शक कारभार" म्हणताना त्यांनी हात वर केला, बाहीवर ऊन पडलं, आणि निळ्या कोटावर एक काळा डाग उमटला. विरोधी बाकावरून कोणीतरी ओरडलं, "साहेब, शहराचं नंतर बघू, आधी बाहीचं बघा!" सगळं सभागृह हसलं. मी तेवढा हसलो नाही, कारण ते काम कोणाचं हे मला माहीत होतं.

त्याच सभेत आणखी एक विषय होता. मुख्य रस्त्यालगतचं नवं गटार वापरात यायच्या आधीच खचलं होतं. चौकशी झाली, जमिनीचा दोष निघाला आणि ठेकेदाराला मुदतवाढ मिळाली, वर वाढीव खर्चही. एकाने हूं की चूं केलं नाही. आणि दोन दिवसांनी मावशीला नोटीस आली. निकृष्ट काम, ग्राहकाची फसवणूक, गाळ्याचा परवाना निलंबित. गटार खचवलं त्याला मुदत आणि धागा चुकला तिला नोटीस! मी ती नोटीस वाचून दाखवताना माझा आवाज चढत गेला आणि शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

मावशी नोटीस ऐकतच नव्हती. "निळ्यावर काळा?" एवढंच ती विचारत होती. "पेपरवाल्या, तू नीट बघितलंस? काळाच होता?" त्या रात्री ती जेवली नाही. परवान्याचं तिला पडलंच नव्हतं. तिला तो कोट परत हवा होता.

आम्ही पुन्हा हसतमुख साहेबांकडे गेलो. "परवाना निलंबित आहे," ते म्हणाले, "तोवर गिऱ्हाइकाचा कपडा हातात घेता येणार नाही तुम्हाला."

"अहो, पण चूक दुरुस्त करायची आहे तिला!" मी टेबलावर हात आपटला. "तळघर आंधळं तुम्ही बांधलंत, काचा तुम्ही खाल्ल्यात, आणि शिक्षा हिला?"

"आवाज खाली," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच हसले नाहीत. मावशीने माझी बाही ओढली आणि मला बाहेर आणलं.

बाहेर येऊन ती तिच्या जुन्या जागेकडे बघत उभी राहिली. मग रस्ता ओलांडून सरळ पावतीवाल्याकडे गेली.

"काय रे, इथे बसायला काय लागतं?"

तो ओळखीचा निघाला. त्याच्या गणवेशाची विजार तिनेच रफू केलेली. "बसायला नाही हो मावशी, उभं करायला. वाहन लागतं."

"कुठलंही?"

"दोन चाकं असली तरी चालतं. वाहन लावलं, पावती फाडली, मग मालक वाहनाशेजारी बसला काय नि उभा राहिला काय, मला काय करायचंय?"

दुसऱ्या सकाळी आम्ही काकांची सायकल माळ्यावरून खाली काढली. दोन्ही चाकांत हवा नाही, साखळी गंजलेली, सीट उंदरांनी खाल्लेली. ढकलता येईना म्हणून मी ती खांद्यावर घेऊन चौकातून चाललो आणि मावशी पुढे स्टूल घेऊन. लोक हसत होते, आणि रागाने माझे कान तापले होते. पट्ट्यांच्या मधोमध, भिंतीपाशी, आम्ही सायकल उभी केली. पावतीवाल्याने गंभीर चेहऱ्याने पावती फाडली. मावशी सायकलशेजारी स्टूलावर बसली, तिने डबा उघडला आणि एक काळा आणि एक निळा धागा उजेडात धरला. "हा काळा," ती म्हणाली, "आणि हा निळा. आंधळ्यालाही कळेल." मग ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

म्हणजे बघा. ज्या बाईला या शहरात बसायला जागा नव्हती, ती जागा तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या मोडक्या सायकलला मिळाली. परवाना साहेब आले, बघून गेले. ओळखीच्यांच्या कपड्यांना टाके घालतेय, धंदा कुठे करतेय, असं मावशीने सांगितलं. उठवावं तर जागा आता ठेकेदाराच्या ताब्यात, आणि पावतीवाल्याचं एकच म्हणणं, रोजची पावती होतेय ना, मग झालं. जुनी गिऱ्हाइकं परत आली. कपडे सायकलच्या दांड्यावर लटकू लागले.

आणि एका सकाळी खुद्द नगराध्यक्ष आले, कोट हातावर टाकून. शहरात दुसरं कोणी रफू करणारं नाही, हे त्यांना घरून ऐकवलं गेलं असणार.

"बाई, याचं काही होईल का?"

मी तिथेच होतो. मला वाटलं, आता मावशी सुनावणार. मी मनातल्या मनात तिला शब्द पुरवत होतो. तिने कोट घेतला, बाही उजेडात धरली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. पैसे नकोत. बसा."

त्या समोरच्या इमारतीत मी जमिनीचा दोष ऐकलाय, पावसाचा ऐकलाय, आधीच्या मंडळाचा तर दर सभेला ऐकतो. चूक माझी आहे, हे तीन शब्द मी तिथे कधीही ऐकलेले नाहीत. ते ऐकायला मला रस्ता ओलांडून फुटपाथवर यावं लागलं, आणि बोलणारी कोण, तर जिच्याकडून उजेड काढून घेतला ती. मला तिचाही राग आला.

तिने काळे धागे एकेक करून उसवले. अस्तराची शिवण थोडी उघडून आत बोट घातलं आणि तिथे दडलेल्या कापडातून लांब निळे धागे ओढून काढले. "तळघरात हे मला दिसलंच नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. नगराध्यक्ष भिंतीच्या कट्ट्यावर बिनकोटाचे बसून राहिले. बल्बवर ताणलेलं भोक हळूहळू बुजत गेलं.

"तळघरात काही अडचण आहे का?" त्यांनी विचारलं.

"उजेड नाही, साहेब. इथे आहे."

"बघतो," ते म्हणाले. कोट घालून, बाही निरखून, ते खूश होऊन गेले. मावशीही खूश झाली. "बघ, ऐकलं त्यांनी," ती मला म्हणाली. "उगाच चिडतोस तू."

पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत एक ठराव आला. वाहनतळाच्या ठेकेदाराची विनंती होती, सायकलींमुळे महसूल बुडतो, चारचाकींना जागा उरत नाही. सबब, सशुल्क वाहनतळावर सायकलींना मनाई. नगराध्यक्ष खिडकीशी उभे होते. त्यांनी तोच हात वर केला. "सभागृहाची मंजुरी आहे?"

"आहे, आहे."

बाहीवर चांगलं ऊन पडलं होतं. मी खांबामागून वाकून रफू शोधत होतो, नेमका कुठे होता तेही मला माहीत होतं, पण दिसत नव्हता.

खाली आलो तेव्हा मावशी कोणाचीतरी शाल बल्बवर ताणून बसली होती. मला बघताच तिने सुई थांबवली.

"काय पेपरवाल्या, कोट घातला होता का त्यांनी? उन्हात कसा दिसत होता?"

"रफू कुठेच दिसला नाही, मावशी. मी खूप शोधलं."

ती लाजली, अगदी पहिल्यासारखी. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, आज काय मंजूर केलं तुझ्या लोकांनी, आणि मला ते तिला सांगावं लागलं.