थांब कोणीही म्हणावं

आजींनी सव्वीस वर्षं गोदीत क्रेन चालवली. बाईमाणूस आणि क्रेन कशी चालवते, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "हातांनी. तुम्ही कशानं चालवता?" निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले, आवाज मात्र साठ फुटांवरून बोलावं तसाच राहिला.

त्यांची सहा वर्षांची नात सोमवारी वर्गाची मॉनिटर झाली. छातीवर बिल्ला लागला आणि गुरुवारपर्यंत अख्ख्या वर्गाने तिच्याशी कट्टी घेतली. शेवटी खालच्या मजल्यावरची जिवलग मैत्रीण आली, उसनी नेलेली रंगपेटी दारात ठेवून एक शब्द न बोलता निघून गेली. मग मात्र पोरीने भोकाड पसरलं.

"काय केलंस तिला?" आजींनी विचारलं.

"काहीच नाही! ती मध्येच उठली म्हणून मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सारखी आपली 'अगं ऐक, ऐक' करत होती."

"मग ऐकलंस?"

"मॉनिटर मी आहे ना!"

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, तिला एखाद्या चांगल्या राजाची गोष्ट सांगा."

"राजा कशाला हवा? मी काय मेलेय?" आजींनी नातीला पुढ्यात ओढलं. "ऐका, सरकार. क्रेनवर बसलं की खालचं सगळं दिसत नाही. म्हणून खाली एक इशारेवाला असतो. वर घे, खाली घे, हे फक्त त्याने सांगायचं. दहा जणांचं ऐकलं तर माल कोणाच्या तरी टाळक्यात. पण 'थांब' कोणीही म्हणावं. झाडूवालीने म्हटलं तरी थांबायचं. एकदा ती दोन्ही हात वर करून ओरडत होती. मी म्हटलं, ही कोण लागून गेली मला थांबवणारी? आणि घातल्या सळ्या जेवणाच्या शेडवर. पत्रा कागदासारखा फाटला."

"आत माणसं होती?"

"जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती, म्हणून वाचली. मला आठ दिवस घास गिळवला नाही. चल, ऊठ."

आजींनी गॅलरीत बादलीला दोर बांधला, आत बटाटे भरले. नात अंगणात उतरली. कोपऱ्यात तिची मैत्रीण पाठ फिरवून बसली होती.

"इशारे एकटी सरकार देणार!" आजी वरून गरजल्या. "पण दोन्ही हात वर केले की थांबायचं. कोणीही करा!"

नात मान वर करून ऐटीत हात हलवू लागली. खाली, आणखी खाली. बादली तिच्या डोक्याइतकी खाली आली. तेवढ्यात मैत्रीण ताडकन उठली आणि तिने दोन्ही हात वर केले. दोर जागच्या जागी थांबला.

"आजी, मी खाली घे म्हणतेय!"

"आणि ती थांब म्हणतेय. बघ आधी."

नातीने खाली पाहिलं. बादलीच्या बरोब्बर खाली मैत्रिणीने मातीचे हत्ती वाळत घातले होते. ओले, सोंडा वर केलेले, पाच.

वर आजींचे गुडघे ठणकत होते, तरी त्या दोर घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"तू वर्गात काय सांगत होतीस?" नातीने हळूच विचारलं.

"मला उलटी होत होती," मैत्रीण फणकारली. "भिंतीकडेच झाली."

नातीने बिल्ल्यावर हात ठेवला, तो काढला नाही. "मी ऐकायला हवं होतं. उद्या हात वर केलास की थांबेन. आता बादली कुठे घेऊ?"

मैत्रिणीने थोडा भाव खाल्ला. मग पायरीकडे बोट दाखवलं.

"डावीकडे, आजी!" सरकारने हुकूम सोडला.