मेहुण्यांवरचा आरोप

"त्या माणसानं आमच्या आजारी आत्याला भर दुपारी अंथरुणातून उठवून लोणावळ्याला पळवलं, गार वाऱ्यात बसवून हसवत ठेवलं आणि सहा महिन्यांत संपवलं." हे वाक्य माझ्या पुतण्याने परवा एका बारशाच्या पंगतीत, दुसऱ्यांदा भात वाढून घेता घेता ऐकवले. ही गोष्ट घडली तेव्हा हा साक्षीदार स्वतः पाळण्यात होता. त्याने ती आपल्या वडिलांकडून, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडून, घेतली आणि तोंडी लावण्यासारखी वापरली. वडगावच्या कचेरीत मी उभा जन्म शिरस्तेदारी केली आहे. ऐकीव पुरावा कसा फुगतो ते मला कोणी शिकवू नये. त्या वाक्यातला 'हसवत ठेवलं' एवढाच भाग मी मान्य करतो. बाकीच्याचा समाचार घेण्यापूर्वी आरोपी कोण होता ते सांगणे भाग आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे, सरूचे, यजमान म्हणजे आमचे मेहुणे. निरोगी राहण्याचे इतके बिनखर्ची आणि इतके हास्यास्पद उपाय माहीत असलेला माणूस सबंध मावळात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. नोकरी घाटात, पॉइंट्समनची. खंडाळ्याखाली उतरणीवर मुख्य रुळांना एक फाटा फुटतो आणि तो टेकडीवर चढून तिथेच संपतो. रूळ एरवी त्या फाट्याकडेच जोडलेले असतात. वरून येणाऱ्या गाडीने तिथे पूर्ण थांबून शिटी द्यायची. तिचे ब्रेक शाबूत आहेत अशी खात्री पटली की पॉइंट्समनने खालची वाट जोडून द्यायची. जी गाडी थांबत नाही ती टेकडीवर जाते. हा नियम मेहुण्यांनी आपल्या लोणावळ्याच्या घरी आणून माणसांना लावला. पाहुण्याने पायरीवर थांबायचे, तीन दीर्घ श्वास घ्यायचे आणि वाटेत पाहिलेली एक मजेची गोष्ट सांगायची. मगच कडी निघे. मी प्रथम गेलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि माझ्या अंगावर नवा कोट होता.

"मेहुणे, मी सरकारी नोकर आहे," मी दाराबाहेरून म्हणालो.

"म्हणून तर जास्त तपासायला हवं, दादा. सरकारी गाडीला वजन फार."

आतून सरूच्या हसण्याचा आवाज येत होता. पुरता भिजल्यावर मी चिडून सांगितले की स्टेशनाबाहेर एक म्हातारी कणसासाठी माकडाशी भांडत होती आणि मला माकडाचे म्हणणे पटले. ताबडतोब कडी निघाली. "या, या. ब्रेक ठीक आहेत," मेहुणे म्हणाले आणि कोरडे धोतर हातात ठेवले. ते धोतर त्यांनी आधीच काढून ठेवले होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

गाणे प्रकृतीला चांगले, पण ते बेसूरच असले पाहिजे असे त्यांचे मत होते; सुरात गाणाऱ्याचे पोट हलत नाही. रोज सकाळी दवावर अनवाणी चालावे, रोज एका अनोळखी कुत्र्याची चौकशी करावी, आणि आरशात पाहायचे तर पोट भरल्यावर. हवापालटासाठी बंगल्यांत येऊन राहणाऱ्या मुंबईकरांची त्यांना फार दया येई. उन्हाळ्यातही मफलर बांधून ही मंडळी एकमेकांना आपापली दुखणी सांगत बसत. त्यांतल्या एका शेठजींना कित्येक महिने झोप नव्हती. मेहुण्यांनी त्यांना गोड बोलून भातलावणीच्या दिवसांत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाचरात नेऊन उभे केले. शेठजी दिवसभर गुडघाभर चिखलात रोपे लावत राहिले आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या ओसरीवर भाकरीचा पहिला घास हातात असतानाच घोरू लागले. चार दिवसांनी तो शेतकरी मेहुण्यांच्या दारी हजर.

"भाऊ, आनखी कुनी आजारी हाय का? वरचं खाचर तसंच ऱ्हायलंय."

"आहेत की. पण ते जरा जास्तच आजारी आहेत."

"आसू द्या. हळूहळू लावत्याल."

अशा घरात सरूला क्षय झाला. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मेहुणे वेळच्या वेळी देत, हेही मी पाहिले आहे. त्यांनी औषध बंद केले, असेही पुतण्या पंगतीत पुढे म्हणाला; ती या आरोपाला त्याने स्वतः लावलेली शेपटी आहे. त्यांनी फक्त एक प्रश्न घरातून हद्दपार केला. "कसं वाटतंय?" असे तिला कोणी विचारायचे नाही. "आज काय पाहिलंस?" असे विचारायचे. ती खिडकीशी पडल्या पडल्या दिवसभर काही ना काही पाहून ठेवी आणि ते कामावरून आले की सांगे.

दसऱ्यानंतर तिचे दुखणे वाढले तेव्हा धाकट्याने आणि मी तिला वडगावला आणले. मेहुणे दिवसभर घाटात, ती घरात एकटी. आमचा हेतू वाईट नव्हता. तिला पुरती बरी झाल्याखेरीज हलवायचे नाही, असा शब्द चार माणसांसमोर मीच दिला. तिची खोली बंद, वारा लागू नये म्हणून झडपांना कापड, पाणी प्यायचे भांडे वेगळे. माणसे दारात उभी राहून "बरं आहे ना?" विचारीत आणि उत्तर येण्याआधी जात. एकदा ती मला म्हणाली, "दादा, इथं सगळे माझ्याशी इतकं हळू का बोलतात? मला ऐकू येतं."

मेहुणे दर सुट्टीला येत. त्यांच्या थट्टेने खोकला वाढतो म्हणून धाकटा त्यांना आत जाऊ देईना. ते वाद न घालता अंगणात बसत आणि संध्याकाळच्या गाडीने परतत. एके दिवशी मी पाहतो तो त्यांच्या पायांत काही नाही.

"चपला कुठं गेल्या?"

"शेजारणीच्या कोंबडीनं एकीत अंडं घातलंय. उठवायला जीव होईना. तिला सांगा तेवढं."

मी आत जाऊन सांगितले. सरू हसली. तिला पुष्कळ खोकला आला आणि त्यातूनही ती हसत राहिली. आमच्या घरात आल्यापासून ती प्रथमच हसत होती. उबळ थांबल्यावर ती म्हणाली, "दादा, मला माझ्या घरी जायचंय. बरी व्हायला नाही. नुसतं जायचंय."

त्यानंतर चौथ्या दिवशी सरू वडगावात नव्हती.

धाकट्याला कळले तेव्हा तो संतापाने काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे लोणावळ्याला गेलो. सरू ओट्यावर घोंगडी पांघरून बसली होती. शेजारपाजार गोळा झाला होता आणि सर्वांदेखत धाकट्याने विचारले, "तिला तुम्हीच पळवून आणलीत ना?" मी त्याच्या शेजारी उभा होतो. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "हो. मीच आणली." सरू काही बोलायला गेली, तर ते तिच्या पायांवरची घोंगडी सारखी करू लागले.

ती वैशाखात गेली. सकाळी, उघड्या अंगणात. आदल्या दिवशी तिने पाहिलेली गोष्ट मेहुणे मला सांगू लागले आणि मध्येच थांबले. नंतर ते बरीच वर्षे जगले, पण त्यांचे बेसूर गाणे मी पुन्हा ऐकले नाही. बायकोला मारणारा म्हणून लोक बोट दाखवीत. त्यांनी कधी एका शब्दाने खुलासा केला नाही. आता तेही नाहीत, आणि खुलासा करू शकणारा मी एकटा उरलो आहे.

पुतण्या म्हणेल, त्यांनी स्वतः कबुली दिली होती. कबुली दिली म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. त्या दुपारी मेहुणे घाटात आपल्या रूळ बदलायच्या खटक्यापाशी कामावर होते. त्यांच्या हाताखालून गाड्या उतरत होत्या. कोणी विचारले असते तर बरोबरच्या माणसांनी तेव्हाच सांगितले असते. आणि तेवढ्यानेही ज्याचे समाधान होत नसेल त्याच्यासाठी हे लिहून ठेवतो: धाकटा तळेगावच्या बाजाराला गेला होता, सरूला टांग्यातून स्टेशनावर मी नेले, लोणावळ्याचे तिकीट मी काढले, आणि दुपारच्या पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा पाहून तिला मीच बसवून दिले.