जैनीचं केसबुक

ये गं वनिता, अशी जवळ सरक. फोन पालथा ठेव. इन्चार्ज सिस्टर होऊन तुले महिना नाई झाला, अन् ड्युटी लिस्ट डोळे झाकून लावून राह्यली? हसू नको. मीही तशीच लावत होती.

मी लेबर रूमची इन्चार्ज होती तेव्हाची गोष्ट. परीक्षेचे फॉर्म जायला चार दिवस राहिले होते. नर्सिंगच्या मुलींचं केसबुक तपासलं जातं. म्हणजे स्वतःच्या हाताने केलेल्या बाळंतपणांची वही. प्रत्येक नोंदीखाली माझी सही. सगळ्यांचं भरलं होतं. भामरागडकडच्या जैनीच्या तीन नोंदी कमी.

ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "आळशी आहे. जाऊ द्या वर्ष."

आळशी? ही पोरगी तर दिवसभर पळताना दिसायची. मी तिला बोलावलं.

"काऊन गं, लेबर रूमची ड्युटी होती ना तुही?"

"होती सिस्टर. पण ओपीडीत आमची माडिया भाषा बोलणारं कोणी आलं का जैनीले हाक. वॉर्डात आलं का जैनीले हाक. वापस येतो तं बाळ होऊन गेलेलं राह्यते. नोंद दुसरीची."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुम्हीच तं पाठवत होत्या."

मी जुन्या ड्युटी लिस्टा काढून पाहिल्या. खरंच होतं.

हे ऐकून ट्यूटर मॅडम हळूच म्हणाल्या, "तीन नोंदी लिहून टाका. कोण पाहतं?"

जैनीनेच मान हलवली. "नाई. गावात मी एकटी राहीन. तिथं बाळंतपण करताना हात थरथरला तं?"

मग तिला लेबर रूममधून हलवायचं नाही, असं मी ठरवलं. तीन दिवसांत दोन बाळंतपणं झाली. शेवटच्या दिवशी दुपारी तिसरी बाई टेबलवर. बाळाचं डोकं दिसू लागलं, अन् दारातून डॉक्टरसाहेबांचा आवाज.

"जैनीला पाठवा. ओपीडीत म्हातारबा आलाय, काय दुखतं तेच कळत नाही."

पोरीने सवयीने ग्लोव्ह काढायला घेतला.

"हात काढू नको!" मी ओरडलीच. "साहेब, गेटवरचे लालसूभाऊ माडियाच आहेत. त्यायले घेऊन जा."

"चौकीदाराला? पेशंटजवळ?"

"हो. अन् बसाले खुर्ची द्या."

साहेब पाय आपटत गेले. इकडे बाळ आलं, पण रडेना. जैनीने त्याला कोरडं पुसलं, पाठ चोळली. आई माडियात काहीतरी विचारत होती, जैनी तिला उत्तर देत होती, पण हात थांबला नाही. मी घड्याळाकडे पाहायचंही विसरली. अन् मग रडलं बाई, असं रडलं की बाहेरचे उठून उभे राहिले.

तिसऱ्या नोंदीखाली मी सही केली. फॉर्म त्याच संध्याकाळी गेला. आता जैनी तिकडच्याच उपकेंद्रात सिस्टर आहे.

त्यानंतर मी लिस्टमध्ये एक रकाना वाढवला: दुभाषी. तिथे आळीपाळीने नावं, लालसूभाऊंचंही. दुभाषी म्हणून मुलीचा जितका वेळ गेला, तितका तिला लेबर रूममध्ये शिकायला परत द्यायचा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यालाच जास्त हाका पडतात बाई, अन् हाकांची नोंद कोणी ठेवत नाही.

जा आता, मूल गावची बस सुटेल. पण लवकर ये. वडाभात करीन. अन् येताना तुही ड्युटी लिस्ट आण, दोघी मिळून पाहू.